लिलावात लागलेला भाव कितपत खरा असतो? संग्राहकांनी यावर बोलायला हवं

टांकसाळ

नाणी, टपालतिकिटं, नोटा, क्रीडा-कार्डं, कॉमिक्स, पहिल्या आवृत्त्या, जुनी घड्याळं. यातलं काहीही जमवणाऱ्याला वस्तूचा भाव कळतो तो मुख्यतः लिलावातून. विक्रेत्याने चिकटवलेली किंमत ही त्याची अपेक्षा असते. लिलावात मात्र दोन अनोळखी माणसं एकमेकांवर चढ करतात, एक थांबतो, दुसरा पैसे मोजतो आणि तो आकडा नोंदला जातो. विमा उतरवताना, भावंडांत वाटणी करताना, पुढची खरेदी करताना आपण सगळे तोच आकडा पुढे करतो.

म्हणून खोट्या बोलीकडे "ज्याने जास्त पैसे दिले त्याचं नुकसान" एवढ्याच नजरेने बघणं मला अपुरं वाटतं. ज्याने त्या लिलावात भागही घेतला नव्हता, असा कुणीतरी पुढे तशीच वस्तू घेताना त्याच आकड्याचा आधार धरतो. ती खोटी बोली त्यालाही भोवते, आणि त्याला ते कधी कळतही नाही.

अमेरिकेतलं मास्ट्रो ऑक्शन्सचं प्रकरण इथे अनेकांना माहीत असेल. क्रीडा-स्मृतिचिन्हांच्या व्यवहारातलं ते एकेकाळचं फार मोठं नाव. त्याचे प्रमुख बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. आपल्याच लिलावांत भाव चढवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या जात होत्या, हे त्यात आलं. २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच कबुलीत बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध टी-२०६ मालिकेतल्या कार्डाचाही उल्लेख होता. कडा कापून ते कार्ड जास्त टवटवीत केलं होतं आणि विकताना ही गोष्ट लपवली होती. मधल्या काळात ते १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. ग्रेडिंग कंपनीने, म्हणजे वस्तू तपासून तिची प्रत ठरवणाऱ्या कंपनीने, त्याला दिलेला दर्जाही तोवर सगळ्यांनी मान्य केला होता.

आता यंत्रणा कशी वाकते ते बघा. ऑनलाइन किंवा लेखी बोलीत आपण आपली कमाल मर्यादा आधीच कळवून ठेवतो. समजा तुमची मर्यादा १००० आहे आणि तुमच्याखालची सर्वांत मोठी बोली ४२० आहे. वस्तू तुम्हाला ४४० च्या आसपास मिळायला हवी. पण तुमचा १००० चा आकडा लिलावघरात कुणाला दिसत असेल आणि त्याच्या हाताशी एखादं जादा खातं असेल, तर तो ९५० ची बोली टाकून तुमच्याकडून ९८० काढू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला यात काहीच वावगं दिसत नाही. दोन खाती, नियमाप्रमाणे वाढ, शेवटी एक विजेता. मर्यादेच्या आत मिळालं म्हणून तुम्हीही खूश असता. आणि त्या माणसाचा अंदाज चुकून खोटं खातंच जिंकलं, तरी निकालाच्या यादीत त्या लॉटपुढे (लिलावात एकत्र पुकारलेली वस्तू किंवा वस्तूंचा गट म्हणजे लॉट) "विकला" असं लिहायला कुणाची हरकत?

माझी मागणी एवढीच आहे. लॉटमध्ये लिलावघराचा, त्याच्या मालकांचा किंवा नोकरांचा पैसा गुंतला असेल तर ते लॉटशेजारीच छापावं. कमाल मर्यादा कोण पाहू शकतं आणि कर्मचाऱ्यांना बोली लावायची मुभा आहे का, हे अटींमध्ये स्पष्ट लिहावं. आणि जो लॉट विकला गेला नाही किंवा ज्याचे पैसे आलेच नाहीत, त्याचा आकडा विक्रीच्या नोंदीतून काढावा. पैसे न आलेल्या लॉटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दलच सगळ्यांत कमी बोललं जातं.

तुमचे अनुभव आणि मतं लिहा. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने.

दातेरी

संपूर्ण अनुमोदन. फक्त बोलीइतकंच वर्णनाबद्दलही बोलायला हवं. आमच्या टपालतिकिटांच्या जगात फसवणूक बोलीच्या आधी कॅटलॉगमध्येच सुरू होते.

मूळ डिंक शाबूत असलेलं, बिजागरी (अल्बममध्ये चिकटवायची छोटी कागदी पट्टी) न लावलेलं जुनं तिकीट आणि तेच तिकीट डिंक गेलेलं, यांच्या भावात काही वेळा कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून जुन्या तिकिटांना नवा डिंक लावण्याचा धंदा चालतो. तो ओळखायचा तर तिकीट पालथं करून त्याच्या कडेचे दात भिंगाखाली बघावे लागतात. डिंक आधी लावून मग भोकं पाडलेल्या तिकिटात दाताच्या टोकाला कागदाचे तंतू मोकळे, मऊ आणि कोरडे असतात, कारण तिकीट शीटपासून फाडल्यावरच ते तंतू उघडे पडतात. डिंक नंतर लावला असेल तर तो या तंतूंमध्ये शिरतो आणि टोकं कडक होतात, एकमेकांना चिकटतात. बोटाच्या पेरावरून हलकेच फिरवलं तरी ती टोचतात. सराव असलेल्या माणसाला हे बघायला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

आता लिलावघरातल्या वर्णनकाराला हे दिसत नाही असं कोण म्हणेल? त्याचं ते रोजचं काम आहे. तरीही वर्णनात "पूर्ण डिंक" असे दोनच शब्द येतात. डिंक पूर्ण आहे, हे खोटं नाही. तो कधी लावला, याबद्दल मौन. मला चीड येते ती या मौनाची. उघड खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. असा अर्धा शब्द लिहिणारा "आम्ही मूळ डिंक म्हटलंच नव्हतं" म्हणून सुटतो.

ज्याला दोष दिसला त्याने तो लिहायलाच हवा, असा नियम असावा.

कलम६४

कायद्याच्या बाजूने थोडं. खोट्या बोलीबद्दल कायदा गप्प आहे असा समज दिसतो, तो बरोबर नाही.

ब्रिटनच्या १९७९ च्या माल-विक्री कायद्यातलं ५७ वं कलम सांगतं की, विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क राखून ठेवल्याचं आधी जाहीर केलं नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदा आहे. लिलाव पुकारणाऱ्याने जाणूनबुजून तशी बोली घेणंही बेकायदा. खरेदीदार अशी विक्री फसवणूक मानू शकतो. भारताच्या १९३० च्या कायद्यात ६४ वं कलम जवळजवळ याच वळणाचं आहे. भाव वाढवण्यासाठी विक्रेत्याने नकली बोली वापरली, तर विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो.

अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेतलं २-३२८ हे कलम मला त्याहून आवडतं. तिथे खरेदीदाराला दोन वाटा आहेत. विक्री मोडावी, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या भावाला वस्तू ठेवून घ्यावी. टांकसाळ यांच्या उदाहरणात म्हणजे ४२० किंवा ४४० ला. वस्तू हवी असणाऱ्या संग्राहकाला विक्री रद्द होऊन काय मिळणार? त्याला वस्तू खऱ्या भावात मिळायला हवी, आणि हे कलम ते देतं.

अडचण पुराव्याची आहे. बोलींची नोंद लिलावघराकडे असते आणि खरेदीदाराला ती दिसत नाही. हक्क कागदावर आहे, पण तो बजावण्यासाठी लागणारी माहिती ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच कपाटात.

ठेवणीतले

मी थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, कारण मी वस्तू विकायला देणाऱ्यांपैकी आहे.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही असं विक्रेत्याने ठरवलेला आकडा, गुप्त ठेवणं म्हणजे लबाडी, असा सूर अशा चर्चांत हमखास लागतो. विक्रेत्याची बाजू बघा. त्याच्याकडे एकच वस्तू असते आणि लिलावाचा दिवसही एकच. पाऊस पडला, त्याच आठवड्यात दुसरा मोठा लिलाव आला, दोन मुख्य ग्राहक आलेच नाहीत, तर वस्तू कवडीमोल जाते. राखीव किंमत ही त्याची शेवटची भिंत. ती आधी जाहीर केली तर बोली तिथूनच सुरू होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

आणि लबाडी फक्त भाव चढवणारे करतात असं नाही. व्यापाऱ्यांची टोळी आपसात ठरवते, "या लॉटवर आपल्यापैकी एकानेच बोली लावायची." वस्तू पडत्या भावात घेतात आणि मग बाहेर आपसांत खासगी लिलाव करून फरक वाटून घेतात. ब्रिटनमध्ये याविरुद्ध १९२७ पासून स्वतंत्र कायदा आहे, म्हणजे हा रोग किती जुना ते समजा. यात मरतो तो विक्रेता. बहुधा एखाद्या गेलेल्या संग्राहकाची बायको किंवा मुलं, ज्यांना त्या वस्तूतलं काहीच कळत नाही. त्यांच्यासाठी कुणी आवाज उठवताना दिसत नाही.

टांकसाळ

ठेवणीतले, टोळीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मूळ लेखात तो यायला हवा होता. टोळीने पाडलेला भावही पुढे खरा भाव म्हणूनच मिरवतो.

राखीव किंमत गुप्त ठेवण्यालाही माझा विरोध नाही. ती आहे एवढं जाहीर असावं, आकडा नसला तरी चालेल. माझा आक्षेप आहे तो राखीव किमतीपर्यंत हवेतून बोल्या उचलण्याला. सभागृहात कुणीही हात वर केलेला नसतो आणि पुकारणारा मागच्या भिंतीकडे बघून "तिकडून आली, इकडून आली" करत भाव चढवतो. अनेक ठिकाणी राखीव किमतीच्या खाली हे चालतं आणि अटींमध्ये बारीक अक्षरात त्याची परवानगीही घेतलेली असते. परवानगी आहे म्हणून ते नीतीचं ठरत नाही. स्पर्धा आहे असं दाखवून समोरच्याला पुढे ढकलणं हाच त्याचा हेतू. त्याऐवजी सरळ म्हणावं, "विक्रेत्याच्या वतीने इतके." तेवढ्याने विक्रेत्याचं संरक्षण होतं आणि खरेदीदारालाही आपण कुणाशी लढतोय ते कळतं.

वाचनवेडी

प्रीमियमबद्दल, म्हणजे लिलावघर खरेदीदाराकडून भावावर जे कमिशन घेतं त्याबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

ख्रिस्टीज आणि सदबीज या दोन बड्या लिलावघरांनी १९७५ मध्ये लंडनमध्ये खरेदीदाराकडूनही कमिशन घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते १० टक्के होतं. आता मोठ्या लिलावघरांत २० टक्के आणि त्याहूनही जास्त असतं. दर किती असावा हा त्यांचा प्रश्न. पण छापलेला अंदाज असतो प्रीमियम सोडून, आणि नंतर वर्तमानपत्रात जाणारा निकाल असतो प्रीमियम धरून. ८० ते १०० असा अंदाज असलेलं पुस्तक हातोड्याला (शेवटच्या बोलीला, प्रीमियम सोडून) ७८ वर गेलं, तर ते अंदाजाच्या खाली गेलं. प्रीमियम मिळवून तेच ९८ दिसतं आणि बातमी येते की "अंदाजाच्या वरच्या टोकाला विक्री". असं वर्षानुवर्षं चाललं की एखाद्या लेखकाच्या पहिल्या आवृत्त्या सतत चढतायत असं चित्र तयार होतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यायला काय अडचण आहे?

याच दोन घरांनी १९९० च्या दशकात कमिशनचे दर आपसांत ठरवून घेतले होते, तेही विसरू नये. खटला झाला, सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन २००१ मध्ये दोषी ठरले, ग्राहकांच्या दाव्यात दोन्ही घरांना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. दोन प्रतिस्पर्धी आहेत म्हणजे स्पर्धा आपोआप होते, असं मानायचं कारण नाही.

नवखा_संग्राहक

धागा वाचून धास्ती वाटायला लागली आहे. माझ्यासारख्याने खोटी बोली ओळखायची कशी? काही खुणा असतात का?

अर्धाआणा

नवखा, बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही हे आधी मनाशी धरा. शंका घेण्याजोग्या गोष्टी आहेत. एकच खातं एकाच विक्रेत्याच्या लॉटवर सतत बोली लावतं आणि क्वचितच जिंकतं. तुमची मर्यादा वेगवेगळ्या लॉटमध्ये पुन्हा पुन्हा अगदी टोकापर्यंत वापरली जाते. "विकलेली" वस्तू लवकरच त्याच घराच्या पुढच्या लिलावात परत येते, छायाचित्रात तोच ओरखडा, तोच डाग. यातलं काहीही एकदा घडलं तर योगायोग असू शकतो. खरेदीदाराने पैसे बुडवले म्हणूनही लॉट परत येतो. सारखं घडत असेल तर त्या घरापासून लांब राहा.

२००० साली ईबेवर एक चित्र २५ सेंटपासून सुरू होऊन १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेलं होतं. रिचर्ड डीबेनकॉर्न या चित्रकाराचं असावं असा समज व्हावा, अशी त्याची मांडणी होती. विक्रेत्याने स्वतःच दुसऱ्या खात्यावरून त्यावर बोली लावल्याचं कळल्यावर ईबेने व्यवहार रद्द केला. पुढे तपासात निघालं की तो आणि त्याचे साथीदार अनेक खाती काढून एकमेकांच्या शेकडो लिलावांत बोल्या लावत होते. तेव्हा बोली लावणाऱ्यांची खातेनावं सगळ्यांना दिसायची. आता बहुतेक ठिकाणी ती झाकलेली असतात.

झाकण्यामागे कारण आहे, ते नाकारत नाही. कुणाच्या घरी मौल्यवान संग्रह आहे हे जगाला कळू नये, आणि नाव दिसलं की त्याला परस्पर गाठून खोटा माल खपवणारेही असतात. पण नाव न सांगताही प्रत्येक खात्याला एक कायमचा क्रमांक देता येतो, प्रत्येक लिलावात तोच. माणूस झाकलेला राहील, त्याची वागण्याची पद्धत दिसेल. हे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही.

नवखा_संग्राहक

धन्यवाद. मग मर्यादा आधी कळवूच नये का?

अर्धाआणा

शक्य असेल तर स्वतः हजर राहून किंवा थेट ऑनलाइन बसून बोली लावा. ते जमणार नसेल तर जेवढ्याला वस्तू घेऊन पस्तावणार नाही तेवढाच आकडा लिहा. "एवढं कोण वाढवणार" म्हणून उगाच मोठा आकडा कधीच लिहू नका.

इसवीपूर्व

प्राचीन नाण्यांबद्दल लिहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. आमच्याकडे बोली शंभर टक्के खरी असते आणि तरी व्यवहार खोटा असू शकतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात ब्रूटसचं सोन्याचं नाणं विकलं गेलं. इ.स.पू. ४४ च्या मार्चमध्ये सीझरचा खून झाला, त्याची आठवण म्हणून पाडलेलं. एका बाजूला ब्रूटसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आणि मधोमध मुक्त झालेल्या गुलामाची टोपी. सोन्यातली अशी मोजकीच नाणी आज माहीत आहेत. प्रीमियम धरून ३२ लाख पौंडांच्या वर गेलं. प्राचीन नाण्याला इतका भाव तोवर मिळाला नव्हता. ते एका जुन्या युरोपीय संग्रहातून आल्याचं कॅटलॉगमध्ये लिहिलं होतं. हा पूर्वेतिहास बनावट निघाला. लिलावघराच्या मालकाला जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, त्याच वर्षी त्याने गुन्हा कबूल केला आणि नाणं ग्रीसला परत गेलं.

बोली लावणाऱ्यांनी तिथे काय चूक केली? नाणं अस्सल होतं, दर्जा उत्तम होता, स्पर्धा खरी होती. खोटी होती ती फक्त एक ओळ, आणि ती तपासण्याचा मार्ग खरेदीदाराकडे नव्हता.

"जुना खासगी संग्रह", "१९७० पूर्वीपासून युरोपात" अशा ओळी कॅटलॉगमध्ये सर्रास दिसतात. १९७० हे साल येतं ते सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या करारामुळे. त्याआधी वस्तू देशाबाहेर होती असं दाखवता आलं की बरेच प्रश्न मिटतात, म्हणूनच त्या ओळीला पैसे मिळतात. मग तिच्यामागचा कागदही दाखवा. जुना कॅटलॉग असेल तर त्याचं साल आणि लॉट क्रमांक, पावती असेल तर तिची प्रत, नाव झाकून का होईना. कागद नसेल तर "पूर्वेतिहास उपलब्ध नाही" असं छापा. तशा नाण्याला भाव कमी येईल, आणि तो कमीच यायला हवा. उकरून चोरलेला माल आणि वडिलोपार्जित संग्रह एकाच भावाने विकले जात असतील, तर उकरणाऱ्याला थांबायचं काही कारणच उरत नाही. नाणं तर वाचतं, पण ते कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं ही माहिती कायमची जाते, आणि नाण्याचा अर्धा इतिहास त्या मातीतच असतो.

दातेरी

इसवीपूर्व, फार महत्त्वाचं लिहिलंत.

ठेवणीतले

कागद दाखवण्याबद्दल एक व्यावहारिक शंका. आजोबांनी घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या कुणाकडे असतात? प्रामाणिक माणसाचा संग्रहही कागदाअभावी संशयित ठरेल.

इसवीपूर्व

शंका रास्त आहे. पावतीच हवी असा हट्ट नाही. जुने फोटो, आजोबांच्या हातची वही, नाण्याच्या पाकिटावरचं त्यांचं अक्षर, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळं पुराव्यात धरता येतं. म्हणून इथल्या सगळ्यांना कळकळीची विनंती, जुना संग्रह हाती आला तर पाकिटं आणि चिठ्ठ्या फेकू नका. नवी पारदर्शक पाकिटं चांगली दिसतात म्हणून लोक जुनी कचऱ्यात टाकतात, आणि त्याबरोबर पूर्वेतिहासही जातो. आणि ज्याच्याकडे खरंच काही नाही, त्याने "काही नाही" असं सांगावं. ते सांगणं प्रामाणिकच आहे.

कलम६४

टांकसाळ यांच्या पहिल्या लेखातल्या शेवटच्या मागणीवर परत येतो. पैसे न आलेल्या विक्रीची नोंद. हे व्हायचं तर आधी कुणीतरी ती मागितली पाहिजे. मोठा लॉट विकायला देताना किंवा घेताना करारात एक वाक्य घालून घ्या: बोलींचा संपूर्ण तपशील, वेळेसह आणि खातेक्रमांकासह, लिलावानंतर लेखी मागता येईल. लिलावघर नाही म्हणेल. नकार लेखी घ्या. बोली लावण्याआधी त्या नकारावरून काय ठरवायचं ते ठरवता येतं, आणि पुढे वाद झालाच तर तो कागद उपयोगी पडतो.

टांकसाळ

हे मी नक्की करणार आहे. दोन लिलावघरांना याच आशयाचं पत्र पाठवतो: हितसंबंधाची नोंद, कर्मचाऱ्यांच्या बोलीबद्दलचा नियम, न विकलेल्या लॉटची नोंद आणि बोलींचा तपशील. इसवीपूर्व, पूर्वेतिहासाबद्दलचं वाक्य तुम्ही लिहून द्याल का? वर्णनातल्या दोषांबद्दलचं दातेरींनी द्यावं. मसुदा तयार झाला की इथेच टाकतो, मग ज्यांना आपापल्या लिलावघराला पाठवायचा असेल त्यांनी पाठवावा. उत्तरं आली तरी आणि नाही आली तरी, याच धाग्यावर लिहीन.

दातेरी

वर्णनाबद्दलचं वाक्य माझ्याकडून: "वस्तूवर केलेली कोणतीही दुरुस्ती, स्वच्छता, डिंक, कापणी किंवा भर वर्णनकाराला दिसली असल्यास ती वर्णनात नमूद केली जाईल." यात "दिसली असल्यास" ही पळवाट वाटत असेल तर सुचवा.

वाचनवेडी

"दिसली असल्यास किंवा नेहमीच्या तपासणीत दिसायला हवी होती" असं करा. आणि प्रीमियमचं वाक्यही घ्या, हातोड्याचा भाव आणि एकूण रक्कम वेगवेगळी छापावी म्हणून.